ओढ्यातील तांबडा साक्षीदार
[नभोवाणीवरील भाषण]

आपल्या स्वयंपाकघरातील एखादी स्टेनलेस स्टीलची वाटी हाती घ्या आणि क्षणभर न्याहाळून पाहा. चिंचेचे सार तिच्यात रात्रभर राहिले तरी ते कळकत नाही. पाण्यात पडून राहिली तरी ती गंजत नाही. पितळेला कल्हई हवी, लोखंडाला तेलाचा हात हवा. हिला मात्र काहीच नको. हा गुण पोलादाचा नव्हे. त्यात मिसळलेल्या क्रोमियम नावाच्या धातूचा तो गुण होय. शंभर भागांत निदान साडेदहा भाग क्रोमियम असले म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म, डोळ्यांस न दिसणारा थर धरतो, आणि तोच त्याचे गंजण्यापासून रक्षण करतो. सेवा करावी आणि दृष्टीस पडू नये, अशी या धातूची येथील वृत्ती आहे.

परंतु आज मी आपणांपुढे ज्या क्रोमियमची कथा सांगणार आहे, ते भांड्यातील नव्हे. उत्तर ध्रुववृत्ताच्या कडेला, वर्षातील बहुतेक काळ गोठून राहणाऱ्या एका ओढ्याच्या वाळूत सापडलेल्या, मोहरीएवढ्या तांबड्या कणांतील ते क्रोमियम आहे. त्या कणांना बाजारात किंमत नव्हती. तरीही त्यांनी एका विस्तीर्ण देशाला त्याच्या पोटातील धनाची वाट दाखविली. आणि ती वाट ज्यांनी प्रथम वाचली, त्यांच्या वाट्यास काय आले, हेही पुढे जगाला समजले. कथेच्या या दोन्ही बाजू मला आज सांगावयाच्या आहेत.

प्रथम क्रोमियमची थोडी ओळख करून घेऊ. रशियातील उरल पर्वतात बेरेझोव्स्की येथे सोन्याच्या खाणी आहेत. तेथे नारिंगी-तांबड्या रंगाचे एक देखणे खनिज सापडे. योहान लेहमान या खनिजशास्त्रज्ञाने १७६६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात शिसे आहे हे कळले होते. परंतु शिशाखेरीज आणखी काय आहे, याचा उलगडा होत नव्हता. तो १७९७ साली पॅरिसमध्ये लुई निकोला वोक्लँ या रसायनशास्त्रज्ञाने केला. त्या खनिजात एक सर्वस्वी नवे मूलद्रव्य होते, आणि त्याचे जे जे संयुग करावे ते ते निरनिराळ्या रंगाचे होई : कोणी पिवळे, कोणी हिरवे, तर कोणी तांबडे. म्हणून रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला क्रोमियम हे नाव मिळाले. पाचूची हिरवी कांती आणि माणकाची आरक्त प्रभा ही दोन्ही याच मूलद्रव्याच्या लेशमात्र अंशाची किमया आहे. एकच धातू एका स्फटिकात शिरून हिरवा दिसतो आणि दुसऱ्यात शिरून तांबडा, याचे कारण त्या त्या स्फटिकात त्याच्याभोवती इतर अणूंची रचना कशी घट्ट वा सैल आहे, यात आहे. अर्थात क्रोमियमचा रंग हा त्याने ज्या घरात वास केला त्या घराची हकीकत सांगत असतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

आता आपण सैबीरियाच्या ईशान्य भागाकडे वळू. तेथे यकूतिया नावाचा प्रदेश आहे. आपल्या भारतवर्षाहून तो थोडासाच लहान. परंतु वस्ती इतकी विरळ की दिवसेंदिवस चालावे आणि मनुष्याचे दर्शन होऊ नये. हिवाळ्यात तेथील पारा शून्याखाली पन्नास अंशांपर्यंत उतरतो. जमीन शेकडो मीटर खोलवर बारमाही गोठलेली असते, आणि उन्हाळ्यात तिचा वरचा हातभर थर तेवढा विरघळून चिखल होतो. या प्रदेशातून लेना ही महानदी उत्तरेकडे वाहते. लेनेला विल्यूय मिळते, विल्यूयला मारखा मिळते, आणि मारखेला दाल्दिन नावाची एक नदी मिळते. या दाल्दिनच्या काठी आपल्याला जावयाचे आहे.

तेथे कोणी कशासाठी जावे? हिऱ्यासाठी. येथे हिरा म्हणजे केवळ अलंकारातील खडा समजू नये. कठीण धातू कापणे, खडक भेदणे, बारीक तार ओढणे, या सर्व कामी हिऱ्यावाचून चालत नाही, आणि हिऱ्यासाठी सोव्हिएट रशियाला परदेशांकडे पाहावे लागे. १९३० नंतरच्या दशकात व्लादिमीर सोबोलेव्ह या भूशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की, सैबीरियाच्या या पठाराची ठेवण दक्षिण आफ्रिकेच्या भूमीसारखी आहे. तेव्हा तेथे जे आहे ते येथेही असावे. दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली या गावापाशी १८७१ साली हिऱ्याची मूळ खाण सापडली होती. ती खाण म्हणजे जमिनीत उभा उतरत गेलेला, गाजरासारखा खाली निमुळता होणारा एक खडकाचा खांब होता. त्या खडकाला गावावरून किंबर्लाइट हे नाव पडले. पृथ्वीच्या पोटात सुमारे दीडशे किलोमीटर किंवा त्याहूनही खोल हिरा जन्मास येतो. तेथून तो किंबर्लाइटच्या लाव्ह्याबरोबर वर फेकला जातो, आणि त्या खांबात, ज्याला इंग्रजीत नळी म्हणतात त्यात, अडकून राहतो. असे खांब सैबीरियात असतील, तर ते शोधावयाचे कसे?

महायुद्ध संपल्यावर शोध नेटाने सुरू झाला. १९४९ च्या ऑगस्ट महिन्यात विल्यूय नदीच्या वाळूच्या पट्ट्यात ग्रिगोरी फाइनश्टाइन यांच्या तुकडीला हिरे मिळाले. आनंद मोठा झाला. परंतु कोडे सुटले नाही, ते अधिकच गहन झाले. नदीच्या वाळूत हिरा सापडणे म्हणजे रस्त्यावर सांडलेला दाणा सापडणे होय. गाडी कोणत्या कोठारातून निघाली आणि पोते कोठे फाटले, हे त्या एका दाण्यावरून कसे समजावे? शिवाय हिरा दुर्मिळ. कित्येक गाड्या वाळू धुवावी तेव्हा एखादा हाती लागणार. असल्या तुरळक खुणांवरून मूळ स्थानाचा माग काढणे जवळजवळ अशक्यच होते.

येथे एका विदुषीची बुद्धी उपयोगी पडली. लेनिनग्राडच्या एका भूशास्त्रीय मोहिमेत नतालिया सारसाद्स्किख नावाच्या खनिजशास्त्रज्ञ काम करीत होत्या. त्यांना आपण आपल्या रीतीने नतालियाबाई म्हणू. त्यांचे म्हणणे असे की, राजा सापडत नसेल तर त्याच्या लवाजम्याचा शोध घ्यावा. हिरा दुर्मिळ आहे खरा. परंतु किंबर्लाइटमध्ये त्याच्याबरोबर वर येणारी इतर जड खनिजे विपुल असतात. एका हिऱ्यामागे त्यांचे हजारो कण असतात. ते कण ओळखले, ते कोठे वाढतात आणि कोठे नाहीसे होतात याचा हिशेब ठेवला, म्हणजे वाट आपोआप उलगडेल.

या लवाजम्यातील मानकरी म्हणजे पायरोप. हा गार्नेट या खनिजकुळातील खडा होय. आपल्या नवरत्नांपैकी गोमेद त्याच कुळातला. तेव्हा पायरोप हा गोमेदाचा चुलतभाऊ समजावा. पायरोप या ग्रीक शब्दाचा अर्थ अग्निनेत्र, आणि उजेडासमोर धरला असता तो कण खरोखरच निखाऱ्यासारखा दिसतो. बोहेमियातील स्त्रिया या खड्यांचे दागिने फार पूर्वीपासून वापरीत आल्या आहेत. किंबर्लाइटमधील पायरोपच्या तांबडेपणात मात्र जांभळी झाक असते, आणि ही झाक क्रोमियमची असते. पायरोपच्या स्फटिकात अॅल्युमिनियमच्या जागी काही क्रोमियम शिरलेले असते. साध्या खडकांतील गार्नेटमध्ये ते जवळजवळ नसतेच. म्हणजे जांभळट तांबडा कण दिसला की, हा पाहुणा फार खोलवरून आलेला आहे, असे समजावे.

१९५३ च्या उन्हाळ्यात नतालियाबाई दाल्दिनच्या खोऱ्यात गेल्या. त्यांच्याबरोबर लारिसा पोपुगायेवा नावाच्या एक तरुण सहकारी होत्या. त्या वर्षी तेथील वाळूत त्यांना हिरा मिळाला. परंतु त्याहूनही मोलाची गोष्ट म्हणजे वाळूत विखुरलेले अनोळखी तांबडे कण मिळाले. लेनिनग्राडला परतल्यावर ते कण विद्यापीठातील प्राध्यापक अलेक्सांदर कुखारेंको यांना दाखविण्यात आले. त्यांच्यापाशी दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लाइटचे नमुने होते. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. साम्य स्पष्ट दिसले. ते कण पायरोपच होते. एवढे ठरल्यावर पुढच्या उन्हाळ्यात काय करावयाचे, हे सांगण्याची आवश्यकता उरली नाही.

परंतु १९५४ च्या उन्हाळ्यात नतालियाबाईंच्या घरी तान्हे मूल असल्यामुळे त्यांना जाता येईना. काम लारिसाबाईंवर आले. त्यांचे वय तेव्हा तीस वर्षांचे होते. त्यांचे वडील १९३७ च्या दडपशाहीत बळी पडले होते. युद्धात विमानविरोधी तोफखान्यात त्यांनी नोकरी केली होती. आणि घरी त्यांची लहान मुलगी होती. तिला लेनिनग्राडला ठेवून त्या उत्तरेस निघाल्या. बरोबर फ्योदोर बेलिकोव्ह नावाचे एक कामगार होते. त्या निर्जन प्रदेशात दोन माणसांचीच ही तुकडी.

त्यांची कामाची रीत आपल्या गृहिणींना समजावून सांगावयास नको. तांदूळ रोळताना आपण काय करतो? पाण्यात भांडे गोलगोल हलवितो. हलके दाणे पाण्याबरोबर पुढे सरकतात आणि जड खडे मागे तळाशी राहतात. रशियन शोधकांच्या हाती आपल्या काठवटीसारखे एक लाकडी पात्र असते. त्यात ओढ्यातील वाळू घेऊन ती रोळली, म्हणजे हलकी गारगोटी वाहून जाते आणि जड कण तेवढे उरतात. गारगोटी पाण्याच्या सुमारे अडीच पटींहून थोडी अधिक जड. पायरोप साडेतीन पटींहून अधिक जड. शिवाय तो कठीण असून सहजासहजी चिरफळत नाही. म्हणून नदीच्या प्रवासातही तो टिकतो. तळाशी उरलेल्या जड कणांतील तांबडे कण भिंगाखाली मोजावयाचे, आकडा टिपून ठेवावयाचा, आणि प्रवाहाच्या उलट दिशेने पुढे जाऊन पुन्हा तेच करावयाचे.

हे वाचावयास सोपे वाटते. परंतु थोडे डोळ्यांपुढे आणा. डासांचे ढग भोवती, पाय बर्फासारख्या पाण्यात, हाती काठवट, आणि दिवसभराच्या श्रमाचे फळ म्हणजे कागदावरील एक आकडा. आज बारा कण, उद्या तीस. जेथे नदीला ओढा मिळतो, तेथे प्रश्न उभा राहतो : कण नदीने आणले की ओढ्याने? दोहोंची वाळू निरनिराळी रोळून पाहावी लागते. ओढ्याच्या मुखापलीकडे नदीत कण घटले, तर ते ओढ्यातून येत असले पाहिजेत. मग ओढ्याने वर जावयाचे.

अंतराचाही अंदाज तेच कण देतात. किंबर्लाइटमधून नुकत्याच सुटलेल्या पायरोपच्या अंगावर एक काळसर, ठिसूळ साल असते. थोड्या प्रवासातच ती घासून जाते. साल शाबूत असेल तर घर जवळ आले, असे समजावे. त्याचप्रमाणे क्रोमियममुळेच गर्द हिरवे झालेले डायोप्साइड नावाचे दुसरे एक खनिज असते. ते सहज फुटते, म्हणून ते फार दूर जाऊ शकत नाही. तेही दिसू लागले म्हणजे उंबरठा आलाच. अशा रीतीने त्या मुक्या वाळूत मैलांचे दगडच रोवलेले असतात. ते वाचणारा मात्र पाहिजे.

दाल्दिनला मिळणाऱ्या दियाखा नावाच्या एका लहान ओढ्यात ही तांबडी वाट शिरली. कण वाढत गेले. पुढे ओढा संपला, पाणी संपले, आणि समोर विरळ लार्च वृक्षांचा आणि शेवाळाचा उतार तेवढा उरला. आता रोळावयास पाणीही नाही. तेव्हा ही दोघे गुडघ्यांवर बसून, भिंग घेऊन, जमीन इंचाइंचाने पाहत वर सरकू लागली. १९५४ च्या ऑगस्टची २१ तारीख उजाडली. त्या दिवशी एका ठिकाणी शेवाळाचा थर उपटून पाहिला, तो खाली निळसर राखाडी माती, आणि तिच्यात तांबडे पायरोप दाटीने विखुरलेले! सोव्हिएट भूमीवर सापडलेला हा पहिला किंबर्लाइटचा खांब. त्याचे नाव झार्नित्सा असे ठेवण्यात आले. उन्हाळ्याच्या रात्री दूर क्षितिजावर आवाजावाचून जी वीज लवते, तिला रशियन भाषेत झार्नित्सा म्हणतात. तेथे पाऊस अद्याप दूर असतो. परंतु तो कोणत्या दिशेस आहे, हे ती वीज सांगते.

आणि तसेच झाले. झार्नित्सा आकाराने मोठी असली तरी हिऱ्यांच्या दृष्टीने फारशी संपन्न ठरली नाही, आणि कित्येक दशके तिच्याकडे कोणी फारसे वळलेही नाही. पण तिने रीत सिद्ध केली. पुढच्याच वर्षी, १९५५ च्या जून महिन्यात, हीच पायरोपची वाट धरून यूरी खबार्दिन यांनी मीर नावाची आणि व्लादिमीर श्चुकिन यांनी उदाच्नाया नावाची, अशा दोन अत्यंत संपन्न खाणी दोन दिवसांच्या अंतराने शोधून काढल्या. खबार्दिन यांनी बिनतारी यंत्रावरून कळविले ते असे की, आम्ही शांततेची चिलीम पेटविली आहे आणि तंबाखू उत्कृष्ट आहे. रशियन भाषेत नळी आणि चिलीम यांस एकच शब्द आहे, आणि मीर म्हणजे शांतता. तेव्हा या विनोदातील खूण ज्यांना समजावयाची त्यांना समजली. जगातील अग्रगण्य हिरे-उत्पादक देशांत रशियाची गणना होते, तिचा पाया येथे घातला गेला.

श्रोतेहो, कथा येथेच थांबविता आली असती, तर ती फार गोड झाली असती. परंतु शोध लागल्याबरोबर दुसरा एक प्रश्न उभा राहिला : हे यश कोणाचे? लारिसाबाई लेनिनग्राडच्या मोहिमेच्या. परंतु त्या भागात हिऱ्यांच्या शोधाचे काम एका दुसऱ्या मोठ्या स्थानिक मोहिमेकडे होते. तिला हा मान दुसऱ्या शहरातील लोकांकडे जाणे रुचले नाही. परतीच्या वाटेवर लारिसाबाईंना तेथे थांबवून घेण्यात आले, आणि आपण पूर्वीपासूनच या स्थानिक मोहिमेच्या नोकरीत होतो, असे दाखविणाऱ्या मागील तारखेच्या अर्जावर सही करण्याविषयी त्यांच्यावर दबाव आणण्यात आला. ज्यांचे वडील राजद्रोही ठरवून मारले गेले होते, त्या स्त्रीला दबाव या शब्दाचा अर्थ निराळा सांगावयास नको होता. अखेरीस त्यांनी सही केली. लेनिनग्राडला परतल्यावर त्यांच्या सहकाऱ्यांना हा विश्वासघात वाटला. ज्या नतालियाबाईंची कल्पना त्यांनी प्रत्यक्षात उतरविली होती, त्यांच्याशीही दुरावा आला. दोन्ही घरची पाहुणी उपाशी राहते, अशी जी म्हण आपल्याकडे आहे, तिचा त्यांना पुरेपूर प्रत्यय आला.

१९५७ साली यकूतियातील हिऱ्यांच्या शोधाबद्दल लेनिन पारितोषिक देण्यात आले. त्या मानकऱ्यांच्या यादीत नतालियाबाईंचे नाव नव्हते, आणि लारिसाबाईंचेही नव्हते. लारिसाबाईंना ऑर्डर ऑफ लेनिन हे पदक मात्र मिळाले. पुढे त्या हिऱ्यांच्या कामापासून दूर झाल्या, आणि रंगीत शोभिवंत खड्यांच्या अभ्यासात त्यांनी उरलेले आयुष्य घालविले. मूळ शोधक म्हणून त्यांना अधिकृत मान्यता मिळाली ती १९७० साली, म्हणजे शोधानंतर सोळा वर्षांनी. १९७७ साली, चोपन्नाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. नतालियाबाईंना तीच मान्यता १९९० साली मिळाली. त्या दीर्घायुषी होत्या, म्हणून त्यांना ती पाहता आली, एवढेच.

शास्त्राने मात्र त्या तांबड्या कणाला अधिकाधिक मान दिला. व्लादिमीर सोबोलेव्ह यांचा उल्लेख मी मघाशी केला. त्यांचे पुत्र निकोलाय सोबोलेव्ह हेही भूशास्त्रज्ञच. त्यांनी हिऱ्याच्या आत अडकून राहिलेल्या सूक्ष्म कणांचा अभ्यास केला. हिरा वाढत असताना शेजारी जे खनिज असेल त्याचा एखादा कण त्याच्या पोटात कोंडला जातो, आणि कोट्यवधी वर्षे जसाच्या तसा राहतो. असे जे पायरोप हिऱ्याच्या पोटात मिळाले, त्यांत क्रोमियम पुष्कळ आणि कॅल्शियम फार थोडे असते, असे दिसून आले. याचे कारणही समजले. पृथ्वीच्या पोटात थोड्या खोलीवर क्रोमियम हे क्रोमाइट नावाच्या काळ्या खनिजात राहणे पसंत करते. परंतु जसजसा दाब वाढतो, तसतसे ते गार्नेटमध्ये अधिक प्रमाणात शिरू लागते. म्हणजे पायरोपमधील क्रोमियमचे प्रमाण हे खोलीचे माप झाले. आणि कॅल्शियम कमी असणे, हे तो खडक पूर्वी एकदा वितळून त्यातील सहज वितळणारा अंश निघून गेल्याचे चिन्ह होय. हिऱ्यांचे वसतिस्थान बहुधा असल्याच निःसत्त्व झालेल्या खडकांत असते. तेव्हा आता ओढ्यात कण मिळाला की, तो केवळ किंबर्लाइट कोठे आहे एवढेच सांगत नाही; त्या किंबर्लाइटने हिऱ्यांच्या प्रदेशातून प्रवास केला की नाही, हेही सांगतो. मघाशी मी म्हटले की, क्रोमियम आपल्या घराची हकीकत सांगते. त्याचा अर्थ हा असा.

याच विद्येच्या बळावर चार्ल्स फिप्के आणि स्ट्यूअर्ट ब्लसन या दोघा भूशास्त्रज्ञांनी कॅनडाच्या उत्तरेस वर्षानुवर्षे असेच कण वेचीत वाटचाल केली. तेथे ते कण ओढ्यांनी नव्हे, तर प्राचीन हिमनद्यांनी दूरवर पसरविले होते. १९९१ साली लाक द ग्रा या सरोवरापाशी हिरे सापडल्याचे जाहीर झाले, आणि १९९८ साली तेथे कॅनडातील पहिली हिऱ्यांची खाण सुरू झाली.

आपल्या देशात तर हिऱ्यांचा इतिहास फार जुना. कृष्णा आपल्या महाबळेश्वरी उगम पावते. परंतु पुढे आंध्र प्रदेशात तिच्या काठच्या कोल्लूर येथील वाळूगोट्यांत जे जगद्विख्यात हिरे मिळाले, ते काही सह्याद्रीच्या काळ्या दगडातून वाहत गेलेले नव्हेत. आपल्या बसाल्टाला हिऱ्याची ओळखही नाही. पन्न्याजवळील मझगवाँ येथे आणि अनंतपूर भागातील वज्रकरूर येथे असे खोल खडकाचे खांब आहेत. उष्ण आणि पावसाळी हवामानात पायरोप पुष्कळदा कुजून नाहीसा होतो. तेथे काळा क्रोमाइट टिकून राहतो आणि तोच साक्षीस उभा राहतो. रूप बदलते, परंतु साक्ष देणारा धातू तोच.

एक विचार सांगून मी पुरे करतो. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वी झार्नित्सा जमिनीवर फुटली. तेव्हापासून ऊन, वारा आणि पाणी यांनी तिची झीज चालविली, आणि एकेक तांबडा कण ओढ्याच्या हवाली केला. इतका काळ त्या कणांनी आपली ओळख सोडली नाही. कोठून आलो, किती खोलवरून आलो, हे त्यांच्या अंगावर लिहिलेलेच राहिले. मनुष्याच्या कागदपत्रांची गोष्ट मात्र निराळी. तेथे तारीख मागे नेता येते, नाव गाळता येते, आणि कल्पना कोणाची, श्रम कोणाचे, हे सोळा किंवा छत्तीस वर्षे झाकून ठेवता येते. तरी अखेर तेही उघड झाले, याचे समाधान मानावे. घरी, कचेरीत किंवा शाळेत एखादे काम सिद्धीस गेले म्हणजे आपण त्याच्या मुखाशी उभे राहून त्याचे कौतुक करतो. अशा वेळी चार पावले प्रवाहाच्या उलट चालून, ही वाट प्रथम कोणी वाचली, याची विचारपूस करण्याची सवय आपण लावून घ्यावी. त्याला काठवटही लागत नाही आणि भिंगही लागत नाही.